आधी कान तपासा

'दार आपटलं की दचकतो, म्हणजे ऐकू येतंय, थेट स्पीच थेरपी लावा' हा नीट न बोलणाऱ्या मुलासाठी दिलेला सल्ला पटला नाही. दणक्याला दचकणाऱ्या मुलालाही स, श, फ हे बारीक आवाज नीट ऐकू येत नसतील. सर्दीनंतर कानाच्या पडद्यामागे पाणी साठलं की ऐकणं कमीजास्त होतं, आणि घरच्यांना वाटतं पोरगं हट्टी आहे.

थेरपी लावाच, पण आधी ऑडिओलॉजिस्टकडून (श्रवणतज्ज्ञाकडून) कान तपासून घ्या. खर्चाची अडचण असेल तर जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसी केंद्रात (मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणारं केंद्र) विचारा, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात ही सेवा मोफत आहे. लहानग्यांची बेरा चाचणी (आवाजाला कानाची नस आणि मेंदू कसा प्रतिसाद देतात हे पाहणारी) बहुधा झोपेतच करतात. त्यामुळे वेळ दुपारच्या झोपेची मागा आणि त्या दिवशी सकाळी लवकर उठवा. तिकडे जाताना गाडीत मात्र झोपू देऊ नका!