अनुभव धागा: फोनवर आपलाच आवाज परत येतो तेव्हा

फोनवर आपलं बोलणं आपल्यालाच परत ऐकू येत असेल, तर बिघाड बहुतेक वेळा समोरच्याच्या फोनात असतो. त्याच्या स्पीकरमधून निघालेला आपला आवाज त्याच्याच माइकमध्ये शिरतो आणि आपल्याकडे येतो. हे माहीत नसल्यामुळे लोक स्वतःचा चांगला फोन दुकानात नेतात, म्हणून हा धागा.

माझी आई गावी असते. तिला कमी ऐकू येतं. आवाज पूर्ण वाढवून, स्पीकर चालू करून ती फोन ओट्यावर डब्यांना टेकवून ठेवते आणि भाजी चिरत बोलते. आवाज दोन घरं कमी केला की माझ्याकडचा प्रतिध्वनी जातो, पण मग तिला ऐकू येत नाही. शेवटी माइकवाले वायरचे इअरफोन दिले, आता दोघींचं नीट बोलणं होतं.

तुमचे अनुभव लिहा. आवाज कुणाला परत येत होता, तेही आठवणीने लिहा.

सांगलीचा दुरुस्तीवाला
गिऱ्हाईक सांगतं, "समोरच्याला त्याचाच आवाज येतोय." माझा पहिला प्रश्न, फोल्डर (काचेसकट अख्खा डिस्प्ले) किंवा चार्जिंग पट्टी बदलली होती का? बऱ्याच फोनमध्ये खालचा माइक आणि स्पीकर शेजारीशेजारी असतात. माइकवर एक बारीक रबर असतं. फोन उघडला तेव्हा ते पडलं आणि परत बसवलं नाही, तर आवाज आतल्या आत माइकमध्ये घुसतो. रबर बसवलं की काम झालं. आणि कृपा करून माइकच्या भोकात सुई घालू नका, आतला पडदा फाटतो. कोरडा मऊ ब्रश पुरे.

टेलिफोन खात्यातून निवृत्त
लँडलाइनलाही हा त्रास होताच. घरून एक्स्चेंजपर्यंत दोनच तारा, पुढे लांबच्या मार्गावर जाणारा आणि येणारा आवाज वेगळा, म्हणजे चार तारा. या जोडावर हायब्रिड, म्हणजे दोन तारांची चार तारांशी सांगड घालणारा भाग, असतो. त्याचा लाइनशी तोल जमला नाही की थोडा आवाज मागे फिरतो. जवळच्या कॉलवर तो इतक्या लगेच परत येतो की आपल्या बोलण्यातच मिसळून जातो, कळत नाही. उशीर वाढला की मात्र बोलणं अशक्य होतं.

सत्तरच्या दशकात जुन्नर तालुक्यातल्या आर्वीच्या भू-केंद्रातून परदेशचे कॉल उपग्रहावरून जाऊ लागले. उपग्रह ३५,७८६ किलोमीटर उंचीवर. आवाज वर जाऊन खाली यायला पाव सेकंद, प्रतिध्वनी परतायला अर्धा. तो दाबायला सप्रेसर असायचे. एक जण बोलत असला की ते दुसऱ्याची बाजू दाबून टाकायचे, त्यामुळे मध्ये बोलणाऱ्याचे पहिले शब्द गिळले जायचे. "तू बोल", "नाही, तू बोल" करण्यातच महागडी मिनिटं जायची, आणि पलीकडे कुणाचा तरी मुलगा असायचा.

पुढचा उपाय अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या टेलिफोन संशोधन संस्थेत निघाला. तिथले संशोधक मनमोहन सोंधी यांचा त्यावरचा निबंध १९६७चा. परत येणारा आवाज कसा असेल याचा यंत्राने अंदाज बांधायचा आणि तेवढाच वजा करायचा. आजच्या मोबाइलमध्येही हेच तत्त्व आहे. म्हणून कॉलच्या सुरुवातीला क्षणभर प्रतिध्वनी येऊन नाहीसा होतो, तेवढ्यात यंत्र शिकून घेतं. पूर्ण आवाजावर लहान स्पीकर फाटका वाजतो आणि अंदाज चुकतो. आईंच्या फोनचा आवाज दोन घरं कमी केल्यावर प्रतिध्वनी गेला त्याचं कारण हेच.

पुणे–ठाणे रोजचा प्रवास
गाडीच्या ब्लूटूथवर बोलताना बायकोला तिचाच आवाज यायचा. गाडीच्या स्पीकरचा आवाज वेगळा कमी-जास्त होतो, फोनचा वेगळा, हे तेव्हा कळलं. कॉल चालू असताना गाडीचा कमी केला, फोनचा थोडा वाढवला. गेलं.

शिक्षिका, नाशिक
ऑनलाइन तासाला एकाच घरातली दोन मुलं दोन फोनवर, दार उघडं. सगळ्या वर्गाला प्रतिध्वनी! मी एकेकाचा माइक बंद करत जाते. ज्याचा बंद केल्यावर आवाज थांबतो, त्याच्या घरी कारण असतं.

दुबईहून
भावाशी बोलतानाच माझा आवाज परत यायचा, बाकी कुणाशीही नाही. तो फ्लिप कव्हरचं झाकण मागे दुमडून बोलतो, आणि त्याच्या फोनचा दुसरा माइक नेमका मागे, कॅमेऱ्याजवळ आहे, तो झाकणाखाली जायचा. कव्हर काढून बोलायला सांगितलं, त्याच कॉलमध्ये आवाज स्वच्छ झाला. आता कव्हर काढूनच मला फोन लावतो.