अनुभव धागा: कोकण किनाऱ्याने सायकलवर, आयोजकांबरोबर

दिवाळीचा फराळ डब्याच्या तळाला गेला की आमच्या गटात "यंदा कोकण करायचं का?" हा विषय निघतोच. एकट्यादुकट्याने गेलेल्यांचे लेख पुष्कळ वाचले. मला ऐकायचंय ते आयोजकांबरोबर गेलेल्यांचं: पुढे वाट दाखवणारा, मागे सामानाचा टेम्पो, मुक्काम आधीच ठरलेले, असे चार-सहा दिवस किनाऱ्याने. पैसे मोजून नक्की काय मिळालं? कुठला पट्टा केलात? चढ किती छळतात? बायकांची सोय? जेवण? गोडगोड लिहू नका. "निसर्गाने मुक्तहस्ते उधळण" वगैरे तर मुळीच नको. आयोजकांची नावं टाळा, इथे जाहिरात नको आणि भांडणही नको.

मधला_गिअर

बँकेतून निवृत्त झाल्यावर गेले. दिवेआगर ते गणपतीपुळे. हायब्रिड सायकल, स्वतःची.

चढांबद्दल आधी सांगते, कारण निघण्यापूर्वी घरच्यांचा सूर "समुद्राकाठचा रस्ता, सपाटच असणार" असा होता. कोकणात खाडी, मग सडा (कातळाचं उघडं पठार), मग पुन्हा खाडी, असा मामला आहे. जांभ्याचा सडा शंभर-दीडशे मीटर उंच, फार नाही. पण दिवसातून चार-पाच वेळा चढायचा आणि कमावलेली सगळी उंची दोन-तीन किलोमीटरात घालवून पुन्हा पाण्याला टेकायचं. घाटात एकदा लय सापडली की निभावतं. इथे लय लागते न लागते तोच उतार.

याला अपवाद दिवेआगरहून आरावी, शेखाडीमार्गे श्रीवर्धनला जाणारा रस्ता. खरोखर पाण्याला लागून. सकाळी सातला आम्ही तिथे होतो, आणि तासभर कुणी कुणाशी बोललं नाही. पुढे बागमांडल्याला बोटीत सायकली घालून सावित्रीची खाडी ओलांडली की पलीकडे वेसवी, रत्नागिरी जिल्हा.

आमचा वाटाड्या गुहागरकडचा, विशीतला मुलगा. लाडघरहून बुरोंडीकडे चढताना तो माझ्या बाजूने येऊन एवढंच म्हणाला, "काकू, वर बघू नका. पुढच्या चाकाच्या पुढे दोन हात बघा. आणि गिअर आत्ताच उतरवा, चढात उतरवलात तर चेन पडेल." तेवढ्यात माझ्या पुढच्या गृहस्थांची पडलीच. त्याने थांबून काडीने चेन दातांवर चढवली, हात गवताला पुसले आणि परत माझ्या बाजूला. पूर्ण चढ तो माझ्या वेगाने आला, एकदाही "चला चला" म्हणाला नाही. पैसे कशाचे दिले असं कुणी विचारलं तर मी हा चढ सांगते.

हर्णैला संध्याकाळी बंदरावर मासळीचा लिलाव पाहिला. अंजर्ल्याला कड्यावरच्या गणपतीला आमच्यातले निम्मे चढून गेले, निम्मे पाय वर करून झोपले. मी दुसऱ्या गटात.

एकटा_जीव

मी एकटा जातो, सामान कॅरियरवर. एवढे पैसे कशाला घालवायचे ते मला अजून कळलेलं नाही. दर पाच-सात किलोमीटरवर वाडी आहे, टपरी आहे, आणि रस्ता विचारला तर माणसं सायकल धरून बोलत बसतात. आचऱ्याजवळ एका आजोबांनी विचारलं, "खंय जातलास?" वेंगुर्ल्याला म्हटलं. "सायकलीन? गाडी चुकली काय रे?"

पण पहिल्यांदा जाणाऱ्याने, किंवा पंक्चर काढता येत नसेल त्याने, आयोजकांबरोबर जावं. मागच्या चाकाची ट्यूब भर उन्हात सड्यावर बदलायची तर सावलीला झाड नसतं.

टेम्पोच्या_मागे

मी हे काम करतो म्हणून पलीकडच्या बाजूने लिहितो.

लोक विचारतात, पहाटे साडेपाचला का उठवता? वाऱ्यामुळे. पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वाहतो, अंगाला लागत नाही आणि हवा गार असते. अकरा-साडेअकरानंतर खारा, म्हणजे समुद्रावरचा वारा, सुटतो. हिवाळ्यात तो वायव्येकडून येतो, म्हणून आम्ही उत्तरेकडून दक्षिणेकडे उतरतो, पाठीवर घेऊन. रत्नागिरीहून दापोलीकडे जाणाऱ्यांची दुपार तोंडावर वारा झेलत जाते. यात एक तोटा आहे. दक्षिणेकडे जाताना समुद्र उजव्या हाताला, म्हणजे रस्त्याच्या पलीकडे. फोटोसाठी लोक न बघता रस्ता ओलांडतात. माझी डोकेदुखी चढ किंवा पंक्चर नाही, ही आहे. आरे-वारेच्या वळणावर तर मी स्वतः उभा राहतो.

दुसरं गणित बोटीचं. आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड. यातली एक बोट हुकली तर पुढच्या बोटीपर्यंत धक्क्यावर बसायचं. आणि खाडीला वळसा घालायचा म्हटलं तर दाभोळहून वाशिष्ठीच्या कडेकडेने पार चिपळूणकडे जावं लागेल, म्हणजे दिवस गेला. म्हणून आम्ही मुक्काम शक्यतो बोटीच्या अलीकडे ठेवतो, सकाळची पहिली-दुसरी धरायची. बोटीत चढताना सायकलवरून उतरा. फळीवर ओल असते, शेवाळ असतं, आणि मागून डंपर येत असतो.

पुळणीवर सायकल चालवायची हौस सगळ्यांना. ओहोटीला ओली वाळू घट्ट असते, कर्द्याला किंवा गुहागरला मजा येते. वेळ काढायची रीत इथल्या कोळ्यांची: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थीला तीनच्या सुमारास भरती, म्हणजे ओहोटी नऊला. पण त्या संध्याकाळी चेन गोड्या पाण्याने धुऊन, पुसून, तेल घालूनच झोपायचं. नाहीतर सकाळी तांबेरा.

आणि तारखा. अंगारकीला गणपतीपुळ्यात सायकल हातात धरून चालावं लागतं. महाशिवरात्रीला कुणकेश्वर तसंच. आंगणेवाडीच्या जत्रेची तारीख पंचांगात सापडत नाही, कौल लावून ठरते. ती जाहीर झाली की मालवण परिसरात खोली मिळणं मुश्कील. हे ज्या आयोजकाला माहीत नाही त्याच्याबरोबर जाऊ नका.

चिडलेला_ब्रेक

आमचा अनुभव कडू. "सायकली आमच्याच, उत्तम स्थितीत" असं आयोजकांनी सांगितलं होतं. रत्नागिरीत हाती आली ती सायकल माझ्या उंचीला लहान, सीटची दांडी कमाल खुणेच्या वर काढलेली. बदलून मागितली तर "आता असंच ॲडजस्ट करा सर."

भाट्याचा पूल ओलांडून चढ चढलो, पावस केलं, तोवर ठीक. पूर्णगडच्या खाडीकडे उतरताना मागचा ब्रेक दाबला की नुसता धातूवर धातू घासल्याचा आवाज. पॅड संपलेले. पुढच्या ब्रेकवर, पाय टेकत टेकत उतरलो. खाली टेम्पोत सुटे पॅड नव्हते. टेम्पोत काय होतं? बाटलीबंद पाण्याचे खोके आणि एक ड्रोन.

मुचकुंदी नदीच्या मुखावरचा पूर्णगड किल्ला आणि पलीकडची गावखडीची पुळण इतकी सुंदर आहे की राग धरून ठेवणं जड जातं, पण मी धरला. निम्मे पैसे परत मिळाले, तेही बरेच महिने मागे लागून. पैसे भरण्याआधी विचारा: सुटे भाग काय काय घेता, मेकॅनिक सोबत आहे की ड्रायव्हरच मेकॅनिक, आणि माझ्या उंचीची सायकल कुठली, तिचा फोटो पाठवा. उत्तर द्यायला टाळाटाळ झाली की समजा.

शेवटचा_डबा

बायकांच्या सोयीबद्दल कुणीच बोलत नाहीये, तर मी बोलते. सड्यावर आडोसा नाही. कातळ आणि गुडघाभर पिवळं गवत, बस. बोटीच्या धक्क्यांवर स्वच्छतागृह असलंच तर त्याला कडी असेल याची खात्री नाही. म्हणून बायका पाणी कमी पितात, आणि मग दुपारी डोकं दुखतं, पायात गोळे येतात. कोकणात जानेवारीतही दुपारी घाम टपटप गळतो, पाणी टाळून चालत नाही.

आमच्या गटाची म्होरकी बाई होती. तिने प्रत्येक टप्प्यावर दोन घरं ठरवून ठेवली होती, न्याहारी आणि न्हाणीघर दोन्हीसाठी. हेदवीच्या अलीकडे एका घरी आम्ही सहाजणी एकामागून एक जाऊन आलो, आणि बाहेर येईतो त्या बाईंनी कोकम सरबत केलं होतं, मीठ आणि जिरं घालून. पैसे घेईनात. म्होरकीने हळूच त्यांच्याकडून आंबापोळी आणि कोकमं विकत घेतली, तिप्पट. हा व्यवहार मला फार आवडला.

खळ्यातून

आमचं घर आचऱ्याच्या अलीकडे. घरगुती खोल्या, जेवण आई आणि बायको करतात. सायकलवाले येतात डिसेंबर-जानेवारीत, आंब्याला मोहोर असतो तेव्हा.

गाडीतून येणारा पाहुणा आधी खोली बघतो, मग एसी, मग वायफाय. सायकलवाला आधी विचारतो, "जेवण किती वाजता?" पहिल्या वेळी आईने नेहमीच्या अंदाजाने भात लावला होता. ती माणसं जेवायला बसली आणि दुसऱ्या वाढपालाच टोप रिकामा. मी त्यांना प्रवासाचं काहीबाही विचारत होतो तर आई आतून ओरडली, "ह्या पोरांका आदी जेवक वाढ, मगे काय ता इचार!" आता बारा माणसं म्हटली की वीस जणांचा भात.

गटाने आदल्या दिवशी सांगावं, ही एकच विनंती. बांगडा, सुरमई बंदरावर काय येईल त्यावर असतं. सोमवार, संकष्टी पाळणारे किती, ते कळलं तर काळ्या वाटाण्याची आमटी वेगळी करता येते. "काहीही चालेल" असं सांगणारे आयोजक सगळ्यात तापदायक, कारण चौघं शाकाहारी निघतात आणि रात्री आठला आम्ही नारळ फोडत बसतो.

सकाळी घावणे आणि चहा. कुणीतरी एकजण पिशवीतून ओट्स काढतोच. आई त्याच्याकडे आजारी माणसाकडे बघावं तसं बघते.

एनर्जी बारचे चमकते कागद सड्यावर टाकू नका, गुरं खातात. आणि सायकली पडवीत लावा, तुळशीला टेकवू नका. आमच्याकडे एकाने टेकवली होती. आई काही बोलली नाही, पण त्या दिवशी सोलकढी दुसऱ्यांदा वाढली गेली नाही.

अर्धा_तिकीट

नववीतल्या मुलाला घेऊन गेलो होतो, मालवण ते शिरोडा, छोटा पट्टा. सिंधुदुर्ग किल्ला त्याने पुस्तकात वाचला होता, बोटीतून उतरून तटावरून फिरला, ठीक होतं. खरा रमला तो कर्ली खाडीच्या कडेने जाताना आणि टेम्पोवाल्याकडून पंक्चर काढायला शिकताना. आता कॉलनीतल्या सगळ्या पोरांच्या सायकली आमच्या दारात.

मुलं नेत असाल तर टेम्पोत बसायची मुभा आहे का, ते पोरासमोर विचारू नका. मुभा आहे हे कळलं की प्रत्येक चढाला गुडघा दुखतो.

पेडलवाली (धागा काढणारी)

सगळ्यांचे आभार. वाचून आमच्या गटाचं दापोली ते रत्नागिरी यावर जवळपास एकमत झालंय. परतीचं कसं करता? सायकली रेल्वेने येतात का?

टेम्पोच्या_मागे

येतात. रत्नागिरीसारख्या मोठ्या स्थानकावरूनच पाठवा, लहान स्थानकावर गाडी मिनिट-दोन मिनिटं थांबते, तेवढ्यात सायकल चढत नाही. पार्सल कार्यालयात वेळेआधी भरपूर लवकर जा, पेडल काढून पिशवीत घ्या, हँडल आडवं करा, मागचा गिअर पुठ्ठ्याने बांधा. सायकल तुमच्याच गाडीने येईल असं धरून चालू नका, मागाहून आली तरी आणायला जाता येईल असा दिवस हाताशी ठेवा. दहाच्या वर सायकली असतील तर एक छोटा हत्ती ठरवून पुण्याला पाठवणं सोपं पडतं. मध्ये जुन्या गोधड्या घाला, रंग जात नाहीत.

खळ्यातून

दापोली-रत्नागिरी करताय तर आमच्याकडे येणार नाही, पण एक सांगतो. उकडीचे मोदक हवे असतील तर जिथे मुक्काम तिथे दोन दिवस आधी कळवा. पिठी ताजी दळावी लागते, आणि संध्याकाळी सहाला येऊन "मोदक मिळतील का?" विचारणाऱ्याला सगळीकडे एकच उत्तर मिळतं.