मदत हवी आहे : तक्रारदार फितूर, लाचेची मागणी कशी सिद्ध करावी?

इंदूरच्या विशेष न्यायालयात भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियम कलम ७ (लोकसेवकाने लाच घेणं) चा सापळा खटला, म्हणजे सापळा लावून पकडल्याचा खटला, चालू आहे. तक्रारदार उलटला. पंचाने आरोपीला नोटा घेताना पाहिलं, बोलणं ऐकलं नाही.

आरोपीचे हात बुडवल्यावर सोडियम कार्बोनेटचं पाणी गुलाबी झालं, पण त्यातून फिनॉल्फ्थॅलिन पावडर लावलेल्या नोटांना हात लागला एवढंच कळतं. सर्वोच्च न्यायालयाच्या बी. जयराज निकालानुसार (२०१४) नुसती रक्कम सापडणं पुरत नाही. कलम २० चं गृहीतक (रक्कम लाच म्हणूनच घेतली असं मानणं) मागणी आणि स्वीकार सिद्ध झाल्यावरच लागतं. नीरज दत्ता प्रकरणात (२०२२) घटनापीठाने परिस्थितीजन्य पुरावा चालतो असं स्पष्ट केलंय, म्हणून आशा आहे.

सगळी भिस्त सापळ्याआधीच्या रेकॉर्डिंगवर आहे. न्यायालयात फक्त सीडी आलीय, पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब चं (इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं) प्रमाणपत्र नाही. अर्जुन पंडितराव निकालाप्रमाणे (२०२०) खटला संपण्याआधी ते मागवता येतं, तसा अर्ज देतोय. खरी अडचण आवाजाची : आरोपीचा नमुना तपासात घेतलेलाच नाही. त्याच्या कार्यालयातल्या सहकाऱ्याला बोलावून आवाज ओळखवला तर तेवढ्यावर मागणी टिकेल का? की आधी नमुन्यासाठी अर्ज करावा? असा खटला चालवलेल्यांनी कृपया सांगावं, पुढच्या तारखेला तपास अधिकाऱ्याची साक्ष आहे.