घोटा मुरगळलाय, मुंबई हाफ मॅरेथॉनला १० आठवडे राहिलेत – कधीपासून धावू?

चामरलेणी_पहाटे: नाशिकच्या चामर लेणीच्या डोंगरावरून उतरताना पाय मुरगळला. सूज बरीच उतरली आहे. या रविवारी १४ किमीचा लाँग रन आहे, तो केला तर चालेल का? जाणकारांनी लवकर सांगा, आधीच एक आठवडा वाया गेलाय.

गोदाकाठ: कोणता पाय? किती दिवस झाले? पाऊल आत वळलं की बाहेर? एक्स-रे काढला का? यातलं काहीच न सांगता रविवारचं कसं सांगणार?

देवळाली_कॅम्प: आंबेहळद आणि रक्तचंदन उगाळून कोमट लेप लावा. आणि एकदा चांगल्या मालिशवाल्याकडून चमक काढून घ्या, लगेच मोकळं होतं.

फिजिओ_इंदिरानगर: लेपाला हरकत नाही. पण कुणालाही घोटा ओढू देऊ नका. लिगामेंटचे, म्हणजे हाडांना हाड बांधणाऱ्या पट्ट्यांचे, धागे तुटलेले असतात, तिथे जोरात चोळलं की रक्तस्राव आणि सूज पुन्हा वाढते. त्यात हाडाला चीर असेल तर ती सरकू शकते.

धागाकर्ते, आधी बोटाने दाबून बघा. बाहेरच्या घोट्याच्या हाडाची मागची कडा, टोकापासून वर ६ सेंमीपर्यंत. आतल्या घोट्यालाही तसंच. मग पावलाच्या बाहेरच्या कडेला मधोमध जो हाडाचा उंचवटा लागतो तो, आणि आतल्या बाजूला कमानीच्या वरचं हाड. यांपैकी कुठेही नेमकं हाडावर दुखत असेल, किंवा पडल्यावर लगेच चार पावलं टाकता आली नसतील, तर आधी एक्स-रे. आणखी एक, पोटरी मधोमध दोन्ही बाजूंनी दाबल्यावर खाली घोट्याच्या वर कळ येते का? येत असेल तर ही साधी लचक नाही, अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. त्याला कितीतरी जास्त वेळ लागतो.

चामरलेणी_पहाटे: उजवा. ९ दिवस झाले. पाऊल आत वळलं. लंगडत का होईना, तेव्हा खाली चालत आलो. हाडावर कुठेच दुखत नाही, पोटरी दाबूनही नाही. घोट्याच्या पुढे-खाली मऊ भागात दुखतं. सपाटीवर नीट चालतो, जिना उतरताना मात्र खुपतं. मग रविवारचं काय?

सातपूर_धावक: क्रेप बँडेज घट्ट बांधा, वेदनाशामक गोळी घ्या आणि हळू पळा. १४ नाही तर १० तरी होतील.

फिजिओ_इंदिरानगर: अजिबात नको. गोळीने फक्त दुखणं कळेनासं होतं, सांधा तितकाच डळमळीत राहतो. शिवाय घाम गाळत तासभर पळताना या गोळ्यांचा मूत्रपिंडावर ताण येतो. आणि क्रेप बँडेज सूज दाबतं, पाऊल वळणं थांबवत नाही. आधार हवाच असेल तर लेसचा अँकल ब्रेस घ्या. चिकटपट्टीसुद्धा पळताना अर्ध्या तासात सैल पडते.

गोदाकाठ: जिना उतरताना खुपतं म्हणजे घोटा पुढे वाकत नाहीये. भिंतीसमोर पाऊल ठेवा, टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवा आणि अंगठा भिंतीपासून जास्तीत जास्त किती लांब जातो ते मोजा. दोन्ही पायांचं सांगा.

चामरलेणी_पहाटे: डावा ११ सेंमी, उजवा ६.

गोदाकाठ: मग रविवार विसरा. हा फरक २ सेंमीच्या आत येईपर्यंत पळू नका, नाहीतर पाऊल बाहेर फेकून पळाल आणि गुडघा धराल. हीच चाचणी व्यायाम म्हणून रोज करा, दुखेल त्याच्या अलीकडे थांबून, १५ वेळा, दिवसातून तीनदा.

सकाळी_पाचला: बूट कोणते आहेत? जाड मऊ सोलचे असतील तर तेच कारण. टाचेखाली ४० मिमी फोम म्हणजे पाय वळायला पूर्ण मोकळीक.

सातपूर_धावक: डोंगर उतरताना कोणत्याही बुटात पाय वळू शकतो. बुटांचा धागा वेगळा आहे.

फिजिओ_इंदिरानगर: बुटांपेक्षा तोल महत्त्वाचा. पाऊल कलतंय ही खबर देणारे मज्जातंतू लिगामेंटमध्ये असतात, तेही दुखावतात. मग पोटरीच्या बाहेरचे स्नायू उशिरा जागे होतात आणि पाय पुन्हा तिथेच मुरगळतो. म्हणून दुखणं थांबलं तरी हे सोडायचं नाही: रबरी पट्टा लावून पाऊल बाहेर ढकलणं १५ चे तीन सेट, आणि एका पायावर ३० सेकंद उभं राहणं. आधी डोळे उघडे, मग मिटून, मग उशीवर.

पळण्याची परवानगी कधी? ३० मिनिटं भरभर चालून दुखलं नाही, एका पायावर २० टाच-उचल झाल्या, त्याच पायावर १० उड्या मारता आल्या, की १ मिनिट पळा, २ मिनिटं चाला, असं आठ वेळा, एक दिवसाआड. दुसऱ्या दिवशी सकाळी सूज किंवा कडकपणा वाढला तर एक पायरी मागे.

चामरलेणी_पहाटे: तोपर्यंत दम जाईल त्याचं काय?

गोदाकाठ: सायकल, आणि सावरकर जलतरण तलावात खोल पाण्यात कमरेला तरंगता पट्टा बांधून पळणं, ४५ मिनिटं. पाण्यात हृदयाचे ठोके दहाएक कमी दिसतात, घड्याळावर जाऊ नका, श्वासावर जा. तिसऱ्या आठवड्यात पळ-चाल जमली तर पाचव्यात सलग ६ किमी, मग ८, ११, आठव्यात १४. त्याच्या वर जाऊ नका. हाफ तेवढ्यावर पूर्ण होते, वेळेचा हट्ट या वर्षी सोडा. उतार सगळ्यात शेवटी.

सकाळी_पाचला: सुरुवात कृषीनगर ट्रॅकवर करा.

गोदाकाठ: हो. आणि रस्त्यावर आलात की उजव्या कडेने नको. कडेचा उतार उजवं पाऊल आतच वळवतो, नेमकं दुखऱ्या बाजूला.

देवळाली_कॅम्प: कृषीनगरला सकाळी साडेपाचला गाडी कुठे लावता?