जुन्या सिनेमा-पोस्टरच्या धर्तीवर चार रंगांचा स्क्रीन प्रिंट: ठिपके बुजतात, रंग सरकतो

रंगपेटी
हाताने रंगवलेली सिनेमाची होर्डिंगं आणि जुनी पोस्टरं डोळ्यांसमोर ठेवून एक चित्र तयार केलंय. नायिकेचा मोठा चेहरा, मागे सपाट केशरी, गालावर निळ्या छटा, खाली जाड सावलीची अक्षरं. ए३ मापाच्या ३०० जीएसएम कागदावर पाण्याच्या शाईने ४० प्रती छापायच्या आहेत. पिवळा, केशरी, निळा, काळा असे चार स्क्रीन, म्हणजे फ्रेमवर ताणलेल्या जाळ्या, ज्यांतून शाई कागदावर उतरते. फ्रेम लाकडी, जाळी ७७ ची, म्हणजे सेंटिमीटरला ७७ धागे. पॉझिटिव्ह, म्हणजे जाळीवरच्या इमल्शनवर (उजेडाने घट्ट होणाऱ्या लेपावर) ठेवायचे काळे छाप, ट्रेसिंग पेपरवर लेझर प्रिंटरने काढलेत.

अडचणी अशा:
१. काळ्याचं हाफटोन, म्हणजे छटांचे लहानमोठे ठिपके, ५५ लाइनचं (इंचाला ठिपक्यांच्या ५५ रांगा) केलं. फिकट भागातले ठिपके उमटतच नाहीत आणि केसांचा भाग नुसता काळा गोळा होतो.
२. काळा रंग वरच्या कडेला बरोबर बसतो, खालच्या कडेला जवळपास दोन मिमी सरकतो.
३. चेहऱ्यासाठी एका गाजलेल्या चित्रपटातला फोटो वापरला तर चालेल का? प्रती प्रदर्शनात विकायच्या आहेत. अमेरिकन चित्रकार अँडी वॉरहॉलने तर सरळ प्रसिद्धीचे फोटोच उचलले होते ना?

शाईघर
पहिल्याचं उत्तर जाळीत आहे. ७७ ची जाळी म्हणजे इंचाला साधारण १९५ धागे. जाळीच्या इंची नंबराला हाफटोनच्या लाइनने भागल्यावर उत्तर निदान चार-पाच यायला हवं. १९५ भागिले ५ म्हणजे ३९. तेव्हा ७७ वर ३५ ते ४० लाइनच्या वर जाऊ नका. ५५ लाइनचा बारीक ठिपका दोन धाग्यांच्या मध्ये धड धरतच नाही. एक्स्पोज झाला तरी धुताना निघून जातो किंवा धाग्याआड लपतो. ५५ च हवं असेल तर १२० ची जाळी घ्या.

पण या चित्राला ५५ हवंच कशाला? पोस्टरची नजाकत ठिपका दिसण्यात आहे. २० ते २५ लाइन ठेवा. हातभर अंतरावरून ठिपका मोजता येईल आणि चार पावलं मागे गेलं की चेहरा जुळून येईल. छपाईलाही सोपं.

फाइल आधी ग्रेस्केल, ६०० पीपीआय (इंचाला ६०० पिक्सेल), छापायच्या मापातच. मग फोटोशॉपमध्ये मोड बिटमॅप, हाफटोन स्क्रीन, फ्रीक्वेन्सी २५, कोन २२.५ अंश, आकार एलिप्स. गिंप या मोफत प्रोग्रॅममध्ये न्यूजप्रिंट फिल्टर आहे. त्यात पीरियड पिक्सेलमध्ये द्यावा लागतो. ६०० भागिले २५ म्हणजे २४ पिक्सेल. कोन ० किंवा ९० ठेवलात तर ठिपक्यांच्या रांगा जाळीच्या धाग्यांशी भांडतात आणि गालावर पट्टे उमटतात. गोल ठिपका एका ठरावीक टोनला चारही बाजूंनी एकदम शेजाऱ्यांना चिकटतो, त्यामुळे गालावर तिथे टोनची पायरी पडते. एलिप्स आधी एका दिशेने जुळतो, नंतर दुसऱ्या, म्हणून उतार मऊ दिसतो.

हाफटोन करण्याआधी कर्व्हमध्ये टोन आवळा. सगळ्यात फिकट छटा ८-१० टक्क्यांवर आणा किंवा सरळ पांढरी सोडा. सगळ्यात गडद ८५ वर थांबवा किंवा सरळ काळी करा. शाई कागदावर पसरते, ७० टक्क्यांचा ठिपका छापल्यावर ८५-९० सारखा दिसतो. केसांचा गोळा होतोय तो यामुळेच. मधल्या टोनही १५ टक्क्यांनी उजळ करून ठेवा. पडद्यावर चित्र फिकुटलेलं वाटेल, कागदावर बरोबर येईल.

आणखी एक. हाफटोन फक्त काळ्यात ठेवा. पिवळा, केशरी, निळा सपाट छापा. चारही रंगांत ठिपके घातले की प्रत्येकाचा कोन वेगळा सांभाळावा लागतो आणि घरच्या सामानावर मॉयरे, म्हणजे ठिपक्यांच्या रांगा एकमेकींवर पडून उमटणारी नको ती नक्षी, हमखास येतो.

कॉमिकसारखा परिणाम हवा असेल तर मात्र हाफटोन नकोच. तिथले बेन-डे ठिपके सगळे एकाच मापाचे असतात, टोनप्रमाणे लहानमोठे होत नाहीत. अमेरिकन पॉप चित्रकार लिक्टेनस्टाइनच्या चित्रांतली त्वचा अशा एकसारख्या ठिपक्यांची आहे. गालाच्या आकारात एकाच मापाच्या ठिपक्यांचा नमुना भरायचा, बस्स. होर्डिंगच्या चेहऱ्याला हे शोभणार नाही असं माझं मत. तिथे ब्रशचे फटकारे आणि छटांचे कापलेले तुकडे हवेत.

खूणगाठ
दुसरा प्रश्न. एका टोकाला जुळतं आणि दुसऱ्या टोकाला सरकतं, हे तुम्ही नीट पाहिलंत, त्यामुळे निदान सोपं झालं. प्रत्येक प्रतीत सगळीकडे सारखंच सरकलं असतं तर स्क्रीन किंवा पॉझिटिव्ह वाकडा लागलाय. प्रत्येक प्रतीत वेगळं असतं तर कागद खुणांना टेकत नाहीये. एका कडेला शून्य, दुसऱ्या कडेला दोन मिमी, याचा अर्थ पॉझिटिव्हची मापंच वेगवेगळी आहेत किंवा जाळी ताणली जातेय.

ट्रेसिंग पेपर लेझर प्रिंटरच्या उष्णतेने ओलावा सोडतो आणि आकसतो. ए३ च्या ४२ सेमी लांबीत एक-दीड मिमी सहज जातो. चार पॉझिटिव्ह चार वेगळ्या दिवशी काढले, मध्ये एखादा पावसाळी दिवस आला, की चौघांचं माप चार तऱ्हेचं. कोरा ट्रेसिंग एकदा प्रिंटरमधून तसाच फिरवून घ्या, म्हणजे आकसायचा तो आकसेल. मग चारही पॉझिटिव्ह एकाच पाकिटातून, एकाच दिशेने, एका बैठकीत काढा. काचेवर एकावर एक ठेवून चारही कोपऱ्यांच्या खुणा ताडा. तिथे जुळत नसेल तर स्क्रीन करूच नका. लेझरसाठीची पॉलिस्टर फिल्म मिळाली तर उत्तम.

पॉझिटिव्ह उलटा काढायची गरज नाही. नेहमीसारखा सरळ प्रिंट काढा आणि टोनरची बाजू इमल्शनला चिकटेल असा, स्क्रीनच्या कागदाकडच्या अंगाला लावा. टोनर वरच्या बाजूला राहिला तर कागदाच्या जाडीतून उजेड आत शिरतो आणि ठिपका कडेने खाल्ला जातो.

आता जाळी. लाकडी फ्रेमवर ती दोन-चार वापरांत सैल पडते. स्क्वीजी (शाई ओढायची रबरी पट्टी) ओढली की जाळी ओढीच्या दिशेने सरकते आणि शेवटाकडे चित्र लांबतं. बोटाने मध्यावर दाबून पाहा, सहज खाली जात असेल तर पुन्हा ताणून घ्या. कागद आणि जाळी यांच्यात २ ते ३ मिमी अंतर पुरे. पाच-सहा मिमी ठेवलं की जाळीला जास्त वाकावं लागतं आणि चित्र पुन्हा मोठं होतं. फ्रेमही अंमळ मोठी हवी. २५ × ३६ सेमीच्या चित्राला आतलं माप निदान ४० × ५२ घ्या, म्हणजे चारही बाजूंना साडेसात-आठ सेमी मोकळे राहतील.

कागदासाठी पाटावर पुठ्ठ्याच्या तीन पट्ट्या चिकटवा, दोन लांब बाजूला आणि एक आखूड बाजूला. तीन पुरेत, चौथी लावली की कागद तिच्यावर चढतो. प्रत्येक रंगाला कागदाचा तोच कोपरा त्याच पट्ट्यांना टेकला पाहिजे. पहिल्याच रंगाआधी प्रत्येक कागदाच्या मागे त्या कोपऱ्यात पेन्सिलने खूण करा. कागद छपाईच्या खोलीत आदल्या दिवशी आणून उघडा ठेवा. पाण्याच्या शाईचा मोठा सपाट भाग कागदाला फुगवतो, म्हणून केशरी छापल्यावर पूर्ण वाळू द्या, वाळलेल्या प्रती रात्रभर फळीखाली दाबा, मग निळा.

रंगपेटी
दोघांचेही आभार. जाळी खरंच सैल आहे, आणि पॉझिटिव्ह दोन वेगळ्या दिवशी काढलेत. आणखी एक विचारतो. दहा-बारा प्रतींनंतर स्टेन्सिलचं इमल्शन कडेने मऊ पडतं, बारीक छिद्रं पडतात. एक्स्पोजर ट्यूबलाइटवर करतोय. वेळ कमी पडतेय का?

शाईघर
दोन कारणं असू शकतात. पहिलं इमल्शनच्या डब्यावर वाचा. लग्नपत्रिका आणि स्टिकर छापणारे थिनरची शाई वापरतात, त्यामुळे दुकानात मागितलं की बहुतेक वेळा थिनरला टिकणारं इमल्शन हातात पडतं. ते पाण्याच्या शाईत विरघळतं. पाण्याला टिकणारं, असं स्पष्ट सांगून डायझो इमल्शन घ्या. बायक्रोमेटवालं स्वस्त मिळालं तरी घरी नको. त्यातलं क्रोमियम कर्करोगाला कारण ठरतं, आणि ते धुऊन मोरीत सोडायचं हे तर अजिबात नको.

दुसरं, इमल्शन वाळलेलं नसणं. डायझो पावडर पाण्यात विरघळवून इमल्शनमध्ये कालवा, बुडबुडे बसायला तासभर ठेवा. पिवळ्या दिव्यात कागदाकडून एक हात, स्क्वीजीकडून एक हात द्या आणि फ्रेम आडवी, कागदाकडची बाजू खाली ठेवून वाळवा. पावसाळ्यात वरून कोरडं लागतं आणि आत ओलं असतं. ओल्या इमल्शनवर उजेड कितीही द्या, ते पक्कं होत नाही. बंद खोली, पंखा, रात्रभर.

मग पायऱ्यांची चाचणी. पॉझिटिव्ह लावून वर पाच-सहा मिमीची काच ठेवा. आधी सगळं उघडं, मग दर दोन मिनिटांनी पुठ्ठा दोन बोटं पुढे सरकवा. धुतल्यावर स्क्वीजीकडची बाजू बुळबुळीत लागते तो पट्टा कमी पडलेला. जिथे बुळबुळ थांबते आणि १० टक्क्यांचे ठिपकेही उघडे राहतात ती तुमची वेळ. घरातली साधी ट्यूबलाइट फार मंद. अतिनील किरणांची ट्यूब किंवा एलईडी घ्या. उन्हातही होतं, पण तिथे पट्टा दोन मिनिटांचा न ठेवता पंधरा-वीस सेकंदांचा ठेवा.

शाईचं गणित: ७७ च्या जाळीतून सपाट छपाईला चौरस मीटरमागे ३० मिलीच्या आसपास शाई उतरते. तुमचं केशरी २५ × ३६ सेमी धरलं तर प्रतीला अडीच-तीन मिली, ४० प्रतींना सव्वाशे मिलीच्या आत. स्क्रीनवर कायम थोडी शाई पडलेली लागते, म्हणून २५० मिली एकदम कालवून झाकणबंद ठेवा. अर्ध्यावर पुन्हा कालवलेला केशरी आधीच्याशी कधीच जुळत नाही. अ‍ॅक्रिलिक रंग आणि स्क्रीन प्रिंटिंगचं मीडियम समसमान. प्रत्येक छापानंतर स्क्रीन किंचित उचलून शाईचा पातळ थर जाळीवर पसरवून ठेवा, नाहीतर कागद बदलेपर्यंत ठिपके वाळून बंद होतात. कोऱ्या प्रती ५५ घ्या.

छापीलवेल्हाळ
तिसऱ्या प्रश्नाकडे कोणी वळलं नाही, आणि माझ्या मते चित्राचा जीव तिथेच आहे.

वॉरहॉलबद्दल आधी. १९६२ चे सूपचे ३२ कॅन स्क्रीन प्रिंट नाहीत, ते मुख्यतः हाताने रंगवलेले कॅनव्हास आहेत. फोटोवरून स्क्रीन त्याने त्याच वर्षी पुढे सुरू केली. मेरिलिन मन्रोचं ५० चेहऱ्यांचं चित्र १९५३ च्या एका चित्रपटाच्या प्रसिद्धी-फोटोवरून आहे. रंगीत चेहऱ्यांत ओठ, पापण्या, केस यांचे सपाट रंग आधी लावलेले आणि काळा स्क्रीनने वरून. काळा रंगांवर तंतोतंत बसत नाही, आणि त्या न बसण्यानेच चेहरा मुखवट्यासारखा दिसतो.

पण ‘त्याने उचललं म्हणून चालतं’ हे आता अमेरिकेतही सरसकट म्हणता येत नाही. लिन गोल्डस्मिथ यांनी १९८१ मध्ये काढलेल्या प्रिन्स या गायकाच्या फोटोवरून वॉरहॉलने चित्रमालिका केली होती. त्यातलं एक चित्र वॉरहॉल फाउंडेशनने २०१६ मध्ये मासिकाला वापरायला दिलं, त्या व्यवहारावरून २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ असा निकाल गोल्डस्मिथ यांच्या बाजूने दिला. मूळ फोटो आणि चित्राचा तो वापर, दोन्हींचा उद्देश एकच होता, मासिकात प्रिन्सचं चित्र देणं. हे त्यात निर्णायक ठरलं.

आपल्याकडे १९५७ चा कॉपीराइट कायदा. चित्रपटाचा हक्क प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं. १९६२ चा चित्रपट २०२२ अखेर मुक्त झाला. पोस्टर मात्र वेगळी कलाकृती. त्याचा हक्क चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो. १९८० मध्ये गेलेल्या चित्रकाराचं पोस्टर २०४० अखेरपर्यंत बांधलेलं. शिवाय नटनटींच्या चेहऱ्याच्या वापराचा प्रश्न. दिल्ली उच्च न्यायालयाने अमिताभ बच्चन यांना २०२२ मध्ये आणि अनिल कपूर यांना २०२३ मध्ये त्यांची छबी परवानगीविना वापरण्याविरुद्ध संरक्षण दिलं. विक्री करणार असाल तर ओळखीच्या नटीचा फोटो टाळाच.

आणि टाळल्याने काही बिघडत नाही. पोस्टरकडून घ्यायचा तो चेहरा नव्हे, रंगवण्याची रीत. होर्डिंग रस्त्यापलीकडून, चालत्या बसमधून कळायला हवं, म्हणून चेहऱ्याची एक बाजू गरम रंगात, दुसरी थंड रंगात. मधल्या छटा गाळलेल्या. नजर बघणाऱ्याच्या डोक्यावरून जाणारी. अक्षरांची सावली कायम एकाच दिशेला. चित्रकार हुसेन उमेदीच्या काळात मुंबईत अशी होर्डिंगं रंगवत, आणि मोठ्या मापावर ठाम रेघ मारायची सवय त्यांच्या पुढच्या कामात दिसते. देवाणघेवाण उलट दिशेनेही झाली. रविवर्म्याच्या छापखान्यातल्या देवादिकांच्या चित्रांनी घराघरांतल्या भिंती भरल्या, त्या छापखान्यात फाळक्यांनी काम केलं, आणि १९१३ नंतरच्या पौराणिक चित्रपटांतल्या देवांची ठेवण त्याच छापील चित्रांची आहे.

तेव्हा ओळखीच्या कुणाला तरी खुर्चीत बसवा, लेखी संमती घ्या. एका बाजूने खालून पिवळा दिवा, दुसऱ्या बाजूने निळं जिलेटीन, म्हणजे पारदर्शक रंगीत कागद, लावलेला दिवा, आणि फोटो काढा. तोच फोटो चार टोनांत तोडा. चेहरा तुमचा, बोली पोस्टरची.

खूणगाठ
वरच्याशी सहमत. छपाईच्या अंगाने त्यात एवढी भर: रंगांचा क्रम पिवळा, केशरी, निळा, काळा. रंगाचे तुकडे काळ्या रेघेखाली अर्धा मिमी आत सरकवून ठेवा, म्हणजे कुठे पांढरी फट दिसणार नाही. मुद्दाम सरकलेला काळा हवा असेल तर तो हाताने सरकवू नका. फाइलमध्येच काळा थर उजवीकडे दीड मिमी हलवा, खुणा जागच्या जागी राहू द्या. ४० च्या ४० प्रतींत तो तेवढाच सरकलेला येईल.

रंगपेटी
ठरलं. जाळी नव्याने ताणतो, काळा २५ लाइन, बाकी सपाट. फोटो नवा काढतो. निळं जिलेटीन नाटकाच्या प्रकाशयोजनेचं सामान भाड्याने देणाऱ्यांकडे तुकड्यावर मिळतं का?

छापीलवेल्हाळ
मिळतं. गडद निळं घेऊ नका, फोटोत काळंच पडतं. फिकट निळं घ्या आणि हवं तर दुहेरी घडी करा. दिव्यापासून वीतभर लांब धरा, नाहीतर हॅलोजनच्या उष्णतेने आकसून भोक पडतं.