सार्वजनिक जीवनातील धर्माचे संशोधन कशावरून व्हावे : लोकांच्या मतांवरून की मंडळांच्या कागदांवरून?

नौपाडाकर (धागाकर्ता)

समाज आधुनिक होत जाईल तसा धर्म उंबरठ्याच्या आत जाईल, असे साठच्या दशकात अनेक पाश्चात्त्य समाजशास्त्रज्ञ मानत असत. त्यांतले एक प्रमुख अभ्यासक पीटर बर्जर यांनी १९९९ मध्ये हे मत जाहीरपणे मागे घेतले. त्याआधी १९९४ मध्ये समाजशास्त्रज्ञ होजे कासानोवा यांनी स्पेन, पोलंड, ब्राझील आणि अमेरिका यांच्या अभ्यासातून दाखवले होते की राज्यसंस्था धर्मापासून वेगळी होणे, लोकांची श्रद्धा ओसरणे आणि धर्म खासगी होणे या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. पहिली घडली म्हणून उरलेल्या दोन घडतीलच असे नाही. टेंभी नाक्याचा नवरात्रोत्सव आणि पाडव्याची शोभायात्रा पाहत वाढलेल्या ठाणेकराला हे नवे वाटणार नाही. मात्र हे सारे अभ्यासायचे कशाच्या आधारे, याबद्दल मला बोलायचे आहे.

लोकांना काय वाटते हे विचारण्यावर आपण फार भिस्त ठेवतो, असे माझे मत आहे. प्यू या अमेरिकी संस्थेची भारतातील धर्मविषयक पाहणी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यासाठी सुमारे ३० हजार प्रौढांशी १७ भाषांत प्रत्यक्ष बोलणे झाले होते. खरा भारतीय असण्यासाठी सर्व धर्मांचा आदर करणे अत्यंत महत्त्वाचे आहे, असे ८४ टक्के लोकांनी सांगितले आणि त्याच पाहणीत ३६ टक्के हिंदूंनी शेजारी मुस्लिम नको असेही सांगितले. पाहणी काळजीपूर्वक केलेली आहे, याबद्दल शंका नाही. पण ही दोन्ही उत्तरे एकाच गल्लीत कशी नांदतात, हे टक्केवारीतून कळत नाही.

त्याऐवजी सार्वजनिक गणेशोत्सव मंडळाचा वार्षिक अहवाल हातात घ्यावा. सुरुवातीला कार्यकारिणीची नावे, मग सराफ, बांधकाम व्यावसायिक, दवाखाना आणि स्थानिक पुढारी यांच्या शुभेच्छांची पाने, आणि शेवटी जमाखर्च असतो : एका बाजूला वर्गणी आणि देणग्या, दुसऱ्या बाजूला मूर्ती, मंडप, रोषणाई, ध्वनिक्षेपक, महाप्रसाद, रक्तदान शिबिर. वर्गणीसाठी धर्मादाय आयुक्तांकडे, मंडपासाठी महापालिकेकडे आणि पोलिसांकडे जावे लागते, म्हणजे कागद आणखी ठिकाणीही उमटतात. उत्सवात कोणाचा पैसा येतो, कोण राबते आणि कोणाचा शब्द चालतो, हे या कागदांवरून वर्षागणिक तपासता येते. ठाण्यातील महाविद्यालयांच्या समाजशास्त्र विभागांनी वस्तीवस्तीतल्या मंडळांचे जुने अहवाल जमा करावेत आणि निष्कर्ष मराठीत, त्या मंडळांना वाचता येतील असे छापावेत, अशी माझी मागणी आहे.

कळव्याचा वारकरी

नौपाडाकर, तुमची तळमळ समजते, पण ही पद्धत मला मान्य नाही. जमाखर्चात महाप्रसादाचा खर्च दिसेल. पहाटेपासून भाजी चिरायला बसलेल्या बायकांना तिथे का बसावेसे वाटले, हे दिसणार नाही. धर्माकडे केवळ पैसा आणि वजन यांची देवघेव म्हणून पाहण्याची सवय संशोधकांना आधीच आहे. १८९३ चा गणेशोत्सव म्हटला की त्या वर्षीची मुंबईची दंगल आणि टिळकांचे राजकारण एवढेच सांगितले जाते. ते खोटे नाही, पण मंडपात रात्रभर जागणारा मुलगा टिळकांच्या राजकारणासाठी जागत नसतो.

याउलट इरावती कर्वे यांचे उदाहरण पाहा. त्या मानववंशशास्त्रज्ञ होत्या, तरी पंढरीच्या वाटेवर त्या दिंडीबरोबर चालल्या, अभंग गायल्या, बायकांच्या घोळक्यात राहिल्या. एकाच दिंडीत ब्राह्मणांची आणि मराठ्यांची पंगत वेगळी पडते, हे त्यांनी पाहिले, त्याचे त्यांना दुःख झाले आणि तेही त्यांनी लिहिले. ज्या प्रदेशातील लोक पंढरपूरला जातात तो महाराष्ट्र, ही व्याख्याही त्यांना त्याच वाटेवर सुचली. पंगत वेगळी होती, हे त्या काळच्या कोणत्या हिशोबवहीत सापडले असते? बरोबर चालल्याशिवाय आणि बरोबर जेवायला बसल्याशिवाय भेदही दिसत नाही आणि भावही दिसत नाही.

घोडबंदर रोड

आपण दोघेही मंडपाच्या आत उभे राहून बोलत आहात, आणि माझा आक्षेप नेमका त्यालाच आहे. धर्म सार्वजनिक झाला की त्याची किंमत जे मंडपात नाहीत तेही मोजतात. ध्वनिप्रदूषण नियम २००० सालचे आहेत. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. त्यांच्या अंमलबजावणीसाठी न्यायालयात जावे लागले ते ठाण्यातले डॉक्टर महेश बेडेकर यांना, आणि ऑगस्ट २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्पष्ट केले की ध्वनिक्षेपक वापरणे हा कोणत्याही धर्माचा मूलभूत हक्क होऊ शकत नाही. जमाखर्चात ध्वनिक्षेपकाचे भाडे असते, शेजारच्या इमारतीतील हृदयरोग्याची रात्र नसते. दिंडीबरोबर चालणाऱ्यालाही तो रुग्ण भेटत नाही.

घरांचेही तेच आहे. अर्थशास्त्रज्ञ सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा दिल्ली आणि परिसरातील भाड्याच्या घरांविषयीचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. फोनवरून आणि प्रत्यक्ष जाऊन घर मागणाऱ्या दलित आणि मुस्लिम भाडेकरूंना कसा नकार मिळतो, हे त्यांनी दाखवले. आमच्या रस्त्यावरच्या संकुलांत असा अभ्यास झाला पाहिजे. उत्सवाचे दहा दिवस संपतात. आडनाव ऐकून ‘घर आत्ताच गेले’ असे सांगितले जाते ते बाराही महिने.

नौपाडाकर

घोडबंदर रोड, तुम्ही दिलेले उदाहरण माझ्याच बाजूचे आहे. थोरातांच्या गटाने घरमालकांना ‘तुम्ही भेदभाव करता का’ असे विचारले असते तर बहुतेकांनी नाही म्हटले असते. त्यांनी प्रत्यक्ष व्यवहार तपासला. रुग्णाचा मुद्दा मात्र मी मान्य करतो : अहवालांच्या शेजारी पोलिसांकडील तक्रारींची नोंद आणि आवाजाची मोजणी ठेवावीच लागेल.

ऐरोलीची वाचक

या चर्चेत धर्म म्हणजे काय हे सर्वांना ठाऊकच आहे असे धरून चालले आहे, म्हणून लिहिते. २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे ८४ लाख बौद्ध होते आणि त्यांतले ६५ लाख महाराष्ट्रात होते. पण १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर कितीतरी वर्षे ‘धर्म कोणता’ या प्रश्नाचे उत्तर देताना आमच्या लोकांना आधी कायद्याचा विचार करावा लागत असे, कारण बौद्धांना अनुसूचित जातींचे संरक्षण केंद्राच्या पातळीवर १९९० मध्ये मिळाले. त्याआधी कागदावर काय लिहायचे, हा प्रश्न मुलांच्या शिक्षणाशी आणि नोकरीशी जोडलेला होता. तेव्हाच्या अर्जांवरून श्रद्धा मोजू पाहणाऱ्या संशोधकाच्या हाती श्रद्धा लागणार नाही, सरकारचे धोरण लागेल. म्हणून कागद बोलतात हे नौपाडाकरांचे म्हणणे मला अर्धेच पटते. कागद कोणाच्या भीतीने लिहिला गेला, हेही विचारावे लागते.

दुसरे असे की विहारात वंदना होते, त्याच खोलीत मुले स्पर्धा परीक्षांची तयारी करतात आणि जयंतीची बैठकही तिथेच भरते. याला धर्म म्हणायचे, शिक्षण म्हणायचे की राजकारण? बाबासाहेबांनी धम्म मांडला तोच माणसामाणसांतील वागणुकीचा विषय म्हणून. खासगी आणि सार्वजनिक हे कप्पे युरोपातील चर्च आणि राज्यसंस्था यांच्या संघर्षातून आले आहेत. ते विहाराला लावले की आमची अर्धी गोष्ट कप्प्याबाहेर राहते.

कळव्याचा वारकरी

ऐरोलीच्या ताईंचे म्हणणे मनाला लागले. वारीलाही ते कप्पे बसत नाहीत. नौपाडाकरांना मात्र एक विचारतो. अहवाल तपासून तुम्ही लिहिणार, तर मंडळाचे नाव छापणार का? कार्यकर्त्यांनी विश्वासाने दिलेला कागद उद्या त्यांच्याच विरोधात तक्रार म्हणून वापरला गेला, तर त्याला जबाबदार कोण?

घोडबंदर रोड

नाव छापलेच पाहिजे. सार्वजनिक रस्ता अडवून, लोकांकडून वर्गणी घेऊन जे होते त्यात गुप्त काय आहे? संशोधनात नावे झाकली की संरक्षण दुबळ्यांना मिळत नाही, ज्यांची छायाचित्रे कमानीवर लागतात त्यांना मिळते.

नौपाडाकर

व्यक्तीचे नाव नको, मंडळाचे हवे, असे माझे मत आहे. वर्गणी देणाऱ्या दुकानदाराने ती खुशीने दिली की दबावाखाली, हे तो नाव झाकल्याशिवाय सांगणार नाही. मंडपाची परवानगी मात्र महापालिकेच्या दप्तरी असते आणि ती कोणाची खासगी बाब नव्हे.

कळव्याचा वारकरी

मला हे अजूनही पटत नाही. अहवाल छापावा असे मंडळाला वाटते, ते वर्गणीदारांना हिशोब द्यायचा असतो म्हणून. तो हिशोब परक्याच्या प्रबंधात नावानिशी गेला, तर पुढच्या वर्षी जमाखर्चाचे पान छापायचे की नाही हे कार्यकारिणी ठरवेल, आणि तेव्हा तुमच्या पद्धतीला कागदच उरणार नाही.