हाराकिरी, पानिपत आणि पाठराखण

वाचनवेडा :
आपला संघ हरला की दुसऱ्या दिवशी मथळा ठरलेला, 'फलंदाजांची हाराकिरी'. इतकी वर्षं मी त्याचा संबंध 'हार'शी लावत आलो. हार जरा जास्तच झाली की हाराकिरी! आमच्याकडे कॅरममध्ये हरणाऱ्यालाही हेच म्हणतात. शब्द मुळात कुठला?

लेगस्पिन :
जपानी. हारा म्हणजे पोट, किरी म्हणजे कापणं. सामुराई अब्रू राखायला स्वतःच्या हातांनी पोट चिरून घेत, ते. मराठीत हा शब्द 'हार'च्या शेजारी येऊन बसला नि घरचाच झाला. पण 'स्वतःच्या हातांनी' एवढं तरी शिल्लक ठेवा. २०२४ मध्ये न्यूझीलंडने आपल्याला घरात ३-० हरवलं. पुण्यात सँटनरने सामन्यात १३ बळी घेतले, त्याला हाराकिरी कसं म्हणणार? तो चांगला टाकत होता. वानखेडेवर पहिल्या संध्याकाळी मात्र १ बाद ७८ वरून ४ बाद ८४. जयस्वाल रिव्हर्स स्वीप मारताना त्रिफळाचीत, कोहली धावबाद. (मधला सिराज बिचारा नाइट वॉचमन, म्हणजे दिवस संपताना मुख्य फलंदाजाऐवजी पाठवलेला गोलंदाज, त्याला यात ओढू नका.) ती खरी हाराकिरी.

माजघर :
गंमत म्हणजे तिकडे अब्रू वाचवायला करायचे, इकडे केली की अब्रू जाते. आणि त्याच बातमीत 'नांगी टाकली' नि 'पानिपत'ही असतं. नांगी टाकली म्हणजे लढणंच सोडलं. १७६१ ला माणसं लढून पडली होती. एकाच डावाला दोन्ही कसं लागू पडेल?

वाचनवेडा :
मी त्या मालिकेनंतर रोहितबद्दल जरा सबुरीने बोललो, तर मित्र म्हणाला, "उगाच पाठराखण करू नकोस."

माजघर :
हा शब्द तर फारच घसरला. नवी नवरी पहिल्यांदा सासरी निघाली की सोबतीला जायची ती पाठराखीण. तिने नवरीच्या चुकांवर पांघरूण घालायचं नसे, परक्या घरात नुसतं जवळ असायचं. आता पाठराखण म्हटलं की भानगडीत सापडलेला मंत्री आठवतो. रोहितने तर हरल्यावर आपण कर्णधार आणि फलंदाज म्हणून कमी पडलो हे स्वतःच सांगितलं. झाकायला उरलं काय? तुम्ही केलीत ती जुन्या अर्थाची पाठराखण, खुशाल करा.

लेगस्पिन :
'हुकणं' राहिलं. १९८४, लॉस एंजेलिस, ४०० मीटर अडथळा शर्यत. तिसरीची वेळ ५५.४१ सेकंद, पी. टी. उषाची ५५.४२. पदक हुकलं ते असं. यात दोषही नाही, कीवही नाही. पण तिसाव्या आलेल्याचंही पदक 'हुकलं' छापतात तेव्हा चिडचिड होते.

वाचनवेडा :
पटलं. आता कॅरमचं सांगा. क्वीन घेतली, कव्हर करायला सोपी सोंगटी समोर, आणि भावाने स्ट्रायकरच पॉकेटात घातला.

लेगस्पिन :
हाराकिरी. बिनधास्त म्हणा.